मासा जेवत नाही तेव्हा

रंगराव साळुंखे मास्तरांना उभ्या जन्मात मासा गावला नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. एकदा त्यांच्या हातात चांगला कोपराएवढा मासा मी स्वतः पाहिला आहे. पण तो दुसऱ्याने धरलेला होता, आणि मास्तरांनी तो परत सोडून दिला. त्यापायी त्यांची नोकरी गेली. ते पुढे सांगेनच.

कऱ्हाडला कृष्णेच्या घाटाकडे उतरणाऱ्या बोळात आमचं बिऱ्हाड होतं. माझे यजमान कोर्टात कारकून. त्यांच्याशी लग्न होऊन मी कऱ्हाडला आले तेव्हा दुसरं महायुद्ध सुरू होऊन थोडेच दिवस झाले होते. आमच्या भिंतीला भिंत लागून मास्तरांचं घर. ते, त्यांची बायको हौसाक्का आणि मुलगी तारा. मास्तर शाळेत ड्रिल शिकवत. पहिल्या लढाईत ते मेसोपोटेमियात जाऊन आले होते. खाकी हाफ पँट, गुडघ्याखाली घट्ट बांधलेल्या पट्ट्या आणि वर आलेल्या मिशा. बोळातून चालले तरी डावा-उजवा, डावा-उजवा असेच चालायचे.

लढाईतून माणसं काय काय घेऊन येतात. कुणी घड्याळ आणतं, कुणी ताप आणतं. मास्तरांनी गळ टाकायची एक लांब, लवचीक काठी आणली होती. त्यांच्या पलटणीत एक गोरा कप्तान होता, तो फावल्या वेळात तिथल्या नदीत गळ टाकून बसे. एका मोसमात त्याला आठवडेच्या आठवडे काही मिळेना, तेव्हा त्याने मास्तरांना समजावून सांगितलं की माशांचे विणीचे दिवस आले म्हणजे मासे खाणंपिणं सोडतात. पोट अंड्यांनी भरलेलं असतं, तिथे घासाला जागा नसते, आणि डोक्यात दुसरा विचारही नसतो. साहेबाच्या भाषेत, मेस बंद.

एवढी एक गोष्ट घेऊन मास्तर मायदेशी परतले आणि पुढे सगळं आयुष्य त्यांनी त्या गोष्टीवर काढलं.

रविवारी सकाळी ते काठी आणि गांडुळांचा डबा घेऊन संगमावर जात आणि दुपारी हात हलवत परत येत. हौसाक्का दारात उभ्या असायच्या.

"काय गावलं?"

"मेस बंद हाय."

"पावसाळ्यात विणीला आल्यात म्हनं मेस बंद. दिवाळीला पाणी गार पडलं म्हनं बंद. उन्हाळ्यात विणीची तयारी चाललीया म्हनं बंद. आवं, मग ह्यो मासा खातो तरी कवा?"

"विणून मोकळा झाला की. तवा वखवखल्यागत खातो."

"आन तवा तुमी कुठं असताय?"

"तवा साळंत सहामाही परीक्षा असत्यात," मास्तर गंभीरपणे सांगत आणि पाय धुवायला जात.

आमच्या घरात मासा शिजत नसे. तरीही माशाच्या पोटात काय असतं आणि काय नसतं हे मला मास्तरांमुळेच कळलं. आषाढात नदीला लाल पाणी आलं की मासे प्रवाहाच्या उलटे वर चढू लागत, ओढ्यांत शिरत, पाणथळ शेतांत येत. त्याला चढणीचा मासा म्हणतात. त्या दिवसांत अर्धं कऱ्हाड ओढ्यात उतरायचं. टोपल्या, धोतरं, बायकांची जुनी लुगडी, जे हाताला येईल त्याने मासे उपसायचे. कुणी नुसत्या हाताने धरायचं. एका वर्षी मास्तर मात्र त्या गर्दीत मांडीएवढ्या पाण्यात गळ टाकून उभे. मासे त्यांच्या दोन पायांमधून जात होते. पोरं ओरडून सांगत होती, "मास्तर, खाली बघा." मास्तर खाली बघत नव्हते. म्हणाले, "वऱ्हाड निघालंय रं. वाटंत आडवून धरायचं म्हंजे दरोडा झाला. गळ टाकला की निदान इचारल्यागत हुतंय."

एकाही माशाने त्यांच्या गांडुळाकडे पाहिलं नाही. मास्तरांना त्याचा इतका आनंद झाला, की त्यांनी शेजारच्या माणसाकडून एक मेलेला मासा मागून घेतला आणि तो पाटावर घेऊन थेट आमच्या ओसरीवर आले. मी तुळशीला पाणी घालत होते.

"वैनी, ह्यो बघा. ही समदी गाबोळी. अंडी, अंडी. आन ही पोटाची पिशवी. रिकामी. घास न्हाई."

माझ्या सासूबाई आतून बाहेर आल्या, त्यांनी पाट पाहिला, आणि आमची ओसरी दिवसभर धुतली जात राहिली. मास्तर दुसऱ्या दिवशी माफी मागायला आले. सासूबाईंना म्हणाले, "चुकलं आईसाब. पर पिशवी रिकामी हुती हे तुमीबी बघितलंय. कुणी इचारलं तर सांगा."

सासूबाईंना ते कुणी विचारलं नाही.

माशांचा हा नियम मास्तर माणसांनाही लावत. बोळात कुणी एक वेळ जेवलं नाही तरी त्यांच्या कानावर जाई आणि त्याचं निदान तयार असे. कोर्टातल्या एका तरुण नाझराला मुरडा झाला होता. तो ताक-भातावर आला. मास्तरांनी त्याच्या वडिलांना गाठून पोराचं यंदा उरकून टाका म्हणून सांगितलं. वडिलांनी खरंच उरकलं. मुरडा त्यानंतर बरा झाला, आणि मास्तरांना आणखी एक पुरावा मिळाला.

आता विहिरीचं सांगते.

शाळेच्या आवारात पायऱ्यांची विहीर होती. हेडमास्तर अतिशय सोवळे गृहस्थ, रोज सकाळी तिथे आंघोळ करत. एका पावसाळ्यात त्या विहिरीत मरळ माशाच्या जोडीने पिल्लं घातली. मरळ म्हणजे सापासारख्या डोक्याचा, दांडगा मासा. तिची पिल्लं लालभडक असतात आणि सगळी मिळून पाण्यावर एक गोळा करून फिरतात. खाली आईबाप पहारा देतात. मास्तरांना हे दिसलं आणि त्यांचा ड्रिलचा तास विहिरीकाठी भरू लागला. मुलांना सावधान उभं करायचं आणि आपण पायरीवर बसून मरळीपुढे काय काय टाकायचं. भाकरी टाकली, गांडुळं टाकली, नाकतोडे टाकले. हौसाक्कांच्या पितळी डब्यातलं सुकं मटणही टाकलं. मरळ कशाला तोंड लावेना.

"बाप हाय त्यो," मास्तर मुलांना सांगत. "पिल्लं सांभाळायची म्हंजे जेवायला सवड कुठली? बघून ठेवा."

चौथी-पाचवीची पोरं ते बघून ठेवत होती, तोवर एका सकाळी हेडमास्तरांनी पाण्यात पाय घातला आणि मरळीने त्यांच्या अंगठ्याला कडकडून चावा घेतला. हेडमास्तर ओल्या पंच्यानिशी मैदानात आले. मास्तर धावले.

"साळुंखे, तुम्ही म्हणत होता तो मासा काही खात नाही."

मास्तरांनी गुडघा टेकून अंगठा नीट बघितला. "खाल्लं न्हाई साहेब. चावलाय. ह्यात फरक हाय. खायाचं असतं तर एवढ्यावर सोडला नसता."

हेडमास्तरांना हा फरक पटला नाही. त्यांनी संस्थेच्या चेअरमनना बोलावलं, नदीवर मासे धरणाऱ्या धोंडी भोयाला बोलावलं, आणि मरळ काढायचा हुकूम दिला. मास्तरांना सांगितलं, मुलांना दूर ठेवा. त्या दिवशी मास्तर छातीवर लढाईतली पदकं लावून आले होते. बोळातले आम्ही सगळेच बघायला गेलो होतो. आमच्या सासूबाईसुद्धा कुंपणापाशी होत्या.

धोंडीला मास्तरांचं शास्त्र ठाऊक नव्हतं. त्याने गळाला एक बेडूक लावला आणि तो त्या लाल पिल्लांच्या गोळ्यावर नाचवला. पाणी उसळलं. मरळीने बेडकावर झडप घातली आणि धोंडीने झटका देऊन तिला पायरीवर ओढलं. सगळे हसले. चेअरमन म्हणाले, "काय मास्तर, खाल्ला की बेडूक."

मास्तरांचं तोंड उतरलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना ढिलं उभं राहिलेलं पाहिलं. इतक्यात मरळीने जबडा उघडला, आणि आतून तो बेडूक गळासकट अख्खा बाहेर पडला. चिखलात एक क्षण बसला. मग गळातून पाय सोडवून लंगडत लंगडत हेडमास्तरांच्या दिशेने गेला. हेडमास्तर मागे सरले.

"गिळला न्हाई," मास्तर म्हणाले. आवाज परेडवरचा होता. "साहेब, बघा, गिळला न्हाई. नुसता पिल्लांपास्नं हाकललाय." आणि कुणाला काही कळायच्या आत त्यांनी अंगातला कोट काढला, मरळीवर टाकला, तिला लहान मूल उचलावं तसं दोन्ही हातांनी उचललं आणि पायऱ्या उतरून पाण्यात सोडून दिलं. पिल्लांचा गोळा विस्कटला होता तो तिच्यामागे पुन्हा गोळा झाला.

चेअरमन म्हणाले, "साळुंखे, हा हुकूम मोडणं झालं."

"व्हय साहेब." मास्तरांनी सलाम केला. "हुकूम मोडला की शिक्षा." ओला कोट त्यांनी दोन्ही हातांनी डोक्यावर धरला आणि मैदानाला धावत फेऱ्या मारायला लागले. पोरांना ते हीच शिक्षा द्यायचे. पन्नाशीचा माणूस, पट्ट्या सुटून मागे लोंबताहेत, कोटातून पाणी गळतंय, आणि पोरं शिस्तीत रांगेत उभी राहून बघताहेत. कुणाला हसायचं धैर्य झालं नाही. हेडमास्तरांनीच शेवटी पुरे म्हटलं. पण चेअरमननी नोकरी काढून घेतली ती घेतलीच. मरळ मात्र पिल्लं मोठी होईपर्यंत विहिरीत राहिली, कारण धोंडी भोयाने पुन्हा गळ टाकायला नकार दिला. म्हणाला, मास्तरांनी पळून पळून तिची भरपाई केलीया.

नोकरी गेली तेव्हा ताराचं लग्न ठरायचं होतं. एरवी ही काळजीची वेळ. हौसाक्का रोज मागच्या दारी येऊन माझ्याजवळ डोळे पुसत. मास्तरांना काळजी नव्हती, कारण स्थळं येत होती. अडचण अशी होती की आलेलं प्रत्येक स्थळ ते जेवणावर तपासत.

पहिला मुलगा वाळव्याकडचा. घरी ऊस, बैलजोड्या. त्याच्यापुढे शिऱ्याची वाटी ठेवली, त्याने संपवली. दुसरी ठेवली, तीही संपवली. मास्तर ओसरीच्या कडेला बसून त्याच्याकडे एकटक बघत होते. पाहुणे गेल्यावर म्हणाले, "पोरगा कच्चा हाय. लग्नाला आलेलं जनावर एवढं खात न्हाई. अजून हंगाम यायचाय त्याचा."

दुसरा जयसिंग. फौजेत होता, थोड्या दिवसांच्या रजेवर आलेला. मामा जवळच मलकापूरला राहायचा, त्याच्याबरोबर आला. मी आतून पोह्यांच्या बश्या देत होते म्हणून सगळं पाहिलं. जयसिंग भला उंच गडी. त्याने स्वतःचे पोहे खाल्ले, मामाचे खाल्ले, केळी खाल्ली, रेशनच्या दिवसांतला जपून केलेला शिरा खाल्ला. तारा पाणी घेऊन बाहेर आली तेव्हा त्याच्या मिशीला पोहा चिकटला होता. तारा हसली. तोही हसला, पण कशाला हसलो ते त्याला ठाऊक नव्हतं.

मास्तरांनी त्याला नकार कळवला.

त्या दिवसापासून तारा जेवेना. ताट पुढे घ्यायची आणि तशीच उठायची. हौसाक्का घाबरल्या. मास्तर मात्र खुशीत माझ्या यजमानांना सांगायला आले, "तारीनं जेवण सोडलं. येळ बरूबर आलीया. आता तेवढा जोडीदार गावला पायजे."

त्यांना खरं कारण सांगून उपयोग नव्हता. हौसाक्कांनी दोनदा सांगून पाहिलं होतं. मास्तर म्हणाले होते, "पोरीचं मन मला कळतंय. पर त्या गड्याचं पोट बघितलं न्हवं तू?"

शेवटी बाजारच्या दिवशी मला बरोबर घेऊन हौसाक्का मलकापूरला जयसिंगच्या मामाच्या घरी गेल्या. जयसिंग अंगणात भाकरी आणि ठेचा खात बसला होता. आम्हाला बघून उठला.

"बस रं," हौसाक्का म्हणाल्या. "तुला तारा पसंत हाय का?"

त्याने मान खाली घालून हो म्हटलं.

"मग परवा पुन्यांदा ये. मागल्या बारीला परवासातनं उपाशी आलो हुतो म्हनून सांग. आन आमच्यात काय बी वाढलं तरी खायाचं न्हाई."

"का?"

हौसाक्कांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्याला मास्तरांचं म्हणणं थोडक्यात समजावून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हंजे मी मासा हाय असं दाखवायचं?"

"तेवढी एकच बारी," मी म्हटलं.

तो आला. मास्तरांनीही तयारी ठेवली होती. शिऱ्यावर भागवायचं नाही असं ठरवून त्यांनी कुठूनसं मटण आणलं होतं. तांबडा रस्सा, गरम भाकरी, कांदा, लिंबू. तो वास आमच्या घरापर्यंत आला होता. मी हौसाक्कांच्या चुलीपाशी नाकाला पदर लावून बसले होते आणि दाराच्या फटीतून जयसिंग दिसत होता. त्याच्यापुढे ताट. तो ताटाकडे बघत नव्हता, आढ्याकडे बघत होता. कपाळावर घाम. मामा मात्र मनसोक्त जेवत होता, आणि हाडूक चोखल्याचा प्रत्येक आवाज जयसिंगच्या चेहऱ्यावर उमटत होता.

"घ्या की," मास्तर म्हणाले.

"इच्छा न्हाई."

"थोडा रस्सा?"

"न्हाई जी."

तेवढ्यात त्याच्या पोटात एवढा मोठा गुरगुराट झाला, की मास्तरांनी वळून बोळाकडे पाहिलं. "मोटार आली काय बाहीर?"

"व्हय, आली असंल," मामा घाईने म्हणाला.

मास्तरांनी मिशीवरून हात फिरवला. हौसाक्कांना हाक मारली आणि म्हणाले, "साखर आणा. मेस बंद हाय."

लग्न त्याच्या रजेतच झालं. त्या संध्याकाळी तारा दोन वेळचं एकदम जेवली. पुढे जयसिंग पहिल्यांदा सासुरवाडीला आला तेव्हा हौसाक्कांना भाकऱ्या पुरवता पुरवता घाम फुटला. मास्तर जावयाच्या पानाकडे कौतुकाने बघत होते. "हंगाम सरला की असंच खात्यात," ते मला म्हणाले. "हे तर मी पैल्यापास्नं सांगतोय."

लग्नानंतर मास्तरांनी कऱ्हाड सोडलं. सांगलीजवळ हरिपूरला हौसाक्कांच्या भावाच्या ओळखीने त्यांना हळदीच्या पेवांवर राखणदाराचं काम मिळालं. पेवं म्हणजे जमिनीत खणलेली खोल कोठारं. वर राखण करायची आणि जवळच कृष्णा-वारणेचा संगम, तेव्हा मास्तरांची सोय झाली. एवढंच की त्यांचे कपडे, मिशा, गांडुळांचा डबा, सगळं पिवळं झालं.

लढाई संपल्यानंतर माझ्या यजमानांचं सांगलीला काही काम निघालं, तेव्हा मी हट्टाने बरोबर गेले आणि टांगा करून हरिपूर गाठलं. तारा बाळंतपणाला माहेरी आली होती. जयसिंग फौजेतून सुखरूप परतला होता आणि आत जेवत होता. मास्तर पेवाच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसले होते. मला बघून उठून उभे राहिले आणि हळदीने माखलेला सलाम केला.

बोलता बोलता माझ्या तोंडून निसटलं. म्हटलं, "मास्तर, जावई जेवणारा मिळाला तुम्हाला."

ते हसले. "त्यो पैल्यापास्नं जेवणाराच हाय. मला ठावं हुतं, वैनी."

"काय ठाऊक होतं?"

"त्या दिशी आमच्यात उपाशी बसून गेला न्हवं? मी मागनं सोडायला गेलतो. मामा-भाचं मलकापूरच्या वाटंवरच्या हाटेलात बसल्यालं. गडी दोन्ही हातांनी भजी खात हुता. रडायला आल्यागत खात हुता. मी झाडामागं उभा राहून समदं बघितलं."

"मग लग्न मोडलं नाही?"

मास्तरांनी नदीकडे बोट दाखवलं. "माशाचा उपास अंगातनं येतो, वैनी. त्येला भूकच नसती, त्यात त्येची काय मर्दुमकी? ह्या गड्याला भूक हुती. लय हुती. मला मोटार आल्यागत ऐकू आली. तरीबी आमच्या तारीसाठी गप बसला. मासा असता तर पोरगी दिली नसती."

"हौसाक्कांना सांगितलंत हे?"

"न्हाई. तिला वाटतंय तिनं मला फसिवलं. वाटू द्या. लय खुशीत हाय त्यात."

निघताना मी म्हटलं, "आता तारा काय खाते? तुमच्या शास्त्राप्रमाणे तिनं या दिवसांत काही खायला नको."

मास्तरांनी कपाळाला हात लावला. "चिंचा खाती. कच्च्या. दिवसभर. माणसाच्या बाबतीत माझा अभ्यास अजून अपुरा पडतोय."

टांगा निघाला. हरिपूरच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी चिंचेची जुनी झाडं आहेत. थोडं पुढे गेल्यावर मी मागे वळून पाहिलं. मास्तर एका झाडावर चढले होते. बरेच उंच गेले होते, खालून फक्त पिवळे अनवाणी पाय आणि हाफ पँट दिसत होती. खाली तारा जड पोटाने उभी, पदराची झोळी करून वर बघत होती.

"आबा, त्या नगं. वरच्या."

"वरच्याच काढतोय."

"त्याच्याबी वरच्या."

फांदी हलली आणि पाय आणखी वर गेले.